सनसेट पॉइंट, जुलै महिना

पावसाळ्यात आंबोलीला जाऊन आलेल्या माणसाला घरी आल्यावर सगळे एकच विचारतात, "मग, काय काय पाहिलं?" प्रश्न साधा, पण उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. खरं सांगायचं तर त्याने धुकं पाहिलेलं असतं. महादेवगड पॉइंटवरून धुकं, शिरगावकर पॉइंटवरून धुकं, कावळेसादच्या कठड्याला धरून धुकं, आणि मुद्दाम जास्त पैसे मोजून 'व्हॅली व्ह्यू' खोली घेतलेली असल्यामुळे खिडकीतून जरा जास्तच धुकं. पण असं कोणी कबूल करत नाही. "निसर्ग काय आहे हो तिथे!" एवढं मोघम बोलून माणूस ओल्या बुटांच्या विषयाकडे वळतो.

आंबोलीत सनसेट पॉइंट आहे आणि तो पावसाळ्यातही चालू असतो. जुलै महिन्यात सूर्य तिथे मावळतो की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण तो उगवल्याचाच पुरावा सकाळपासून कोणाला मिळालेला नसतो. तरी संध्याकाळी सहाच्या सुमारास गाड्या येऊन थांबतात. माणसं उतरतात, पश्चिमेकडे तोंड करून ओळीने उभी राहतात. समोर दहा फुटांवर पांढरा पडदा. कुटुंबप्रमुख बोट दाखवून सांगतो, "तिकडे कोकण. आणि त्याच्या पलीकडे समुद्र."

"कुठे?" बायको विचारते.

"तिकडे."

"तिकडे काहीच नाही."

"आहे गं. आत्ता दिसत नाही एवढंच."

मराठी माणसाची श्रद्धा आटत चालली आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत या कठड्यापाशी येऊन उभं राहावं.

पांढऱ्या पडद्यासमोर मग फोटो निघतात. आधी जोडीचा, मग मुलांचा, मग दुसऱ्या कुटुंबाला विनंती करून सगळ्यांचा. हे फोटो घराजवळच्या फोटो स्टुडिओतही काढता आले असते, तिथे निदान कोरडे तरी राहिलो असतो, हा विचार सगळ्यांच्या मनात एकाच वेळी येतो आणि सगळे तो एकाच वेळी गिळतात. उत्साही माणूस म्हणतो, "उघडीप झाली की काय दिसत असेल इथून!" खरंही आहे. हिवाळ्यात इथून खालचं कोकण तळहातावर घेतल्यासारखं दिसतं. पण हिवाळ्यात आपण येत नाही. तेव्हा धबधबे नसतात.

इंग्रज या बाबतीत जास्त हिशेबी होता. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत न्यायचा तर हा घाट चढावा लागे, त्यामुळे आंबोली त्याच्या वाटेवरचीच. सह्याद्रीतली थंड हवेची ठिकाणं त्याने उन्हाळ्यापुरती वापरली. मे महिन्यात वर चढायचं, करवंदं पिकलेली बघायची, आणि मिरग लागायच्या आत सामान बांधून खाली उतरायचं. आपण स्वतंत्र झालो आणि वेळापत्रक उलटं केलं. साहेब ज्या दिवशी पळ काढत असे, त्या दिवसापासून आपलं बुकिंग सुरू होतं.

आता ज्याच्यासाठी जायचं त्या पावसाबद्दल. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. अरबी समुद्रावरून निघालेले ढग कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडतात न ओलांडतात तोच सह्याद्री आडवा येतो. त्यांना वर चढावं लागतं, वर हवा थंड असते, वाफेचं पाणी होतं, आणि चढाच्या माथ्यावर सगळं ओझं उतरवून ढग हलक्या अंगाने आजरा-गडहिंग्लजकडे जातात. शाळेच्या भूगोलात याला प्रतिरोध पाऊस म्हणतात आणि एक डोंगर व तीन बाण काढून दाखवतात. त्या आकृतीत डोंगराच्या माथ्यावर माणूस का काढलेला नसतो हे आंबोलीला गेल्यावर समजतं. माणूस काढला असता तर त्याच्या खोलीत वाळत घातलेले कपडेही काढावे लागले असते.

इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कधी त्याहूनही जास्त. पुण्यात साधारण सातशे पडतो. म्हणजे पुण्याचा दहा वर्षांचा पाऊस आंबोली एका हंगामात आटोपते. हा हिशेब मी एका पुणेकर गृहस्थांना तिथल्याच व्हरांड्यात सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "यंदा आमच्याकडेही बरा झालाय."

एवढ्या पावसापुढे शहरातून आणलेलं कुठलंच हत्यार चालत नाही. छत्री ही वरून पडणाऱ्या पावसासाठी केलेली वस्तू आहे. आंबोलीचा पाऊस वरून येतो, आडवा येतो, आणि कड्याच्या टोकाशी उभे राहिलात तर खालूनही येतो. रेनकोट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आतला घामही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे कोणत्या पाण्याने भिजायचं एवढीच निवड आपल्या हाती उरते. गावातली जुनी माणसं घोंगडं नाहीतर पानांनी विणलेलं इरलं पाठीवर घेऊन शेतात दिवसभर ओणवी राहायची. आता त्या जागी प्लास्टिकचा कागद आला. पण तत्त्व तेच, पाठ झाकायची आणि काम चालू ठेवायचं. छत्री घेऊन सरळ उभा दिसला तो पाहुणा.

लॉजवर 'कोरडा टॉवेल' म्हणून जे मिळतं ते इतर टॉवेलांच्या मानाने कोरडं असतं. काडेपेटीवर काडी ओढली की गूळ उकरल्याचा आवाज येतो. मीठदाणी उलटी करून कितीही आपटा, मीठ आपल्या मर्जीशिवाय खाली येत नाही. मोज्यांच्या बाबतीत प्रत्येक जण संशोधक होतो. कोणी ते इस्त्रीखाली घालतं, कोणी बल्बला गुंडाळतं, कोणी गाडीच्या हीटरसमोर धरून घाट उतरतं. सकाळी सगळे एकमेकांना विचारतात, "वाळले?" आणि उत्तर येतं, "वाळलेत असं म्हणता येणार नाही, पण थंड राहिलेले नाहीत."

चहाच्या टपरीवर एका मुंबईकराने काकुळतीला येऊन टपरीवाल्याला विचारलं, "काका, हा पाऊस थांबणार कधी?"

काकांनी आकाशाकडे पाहिलंही नाही. "थांबतलो तर," ते म्हणाले, "दसऱ्याक."

या पाण्याचा पुढचा प्रवास मला फार आवडतो. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब धबधब्यातून उडी मारतो, कोकण गाठतो आणि जिथून आला त्या अरबी समुद्रात परत जातो. जायचं, भिजायचं, आणि सोमवारी कामावर हजर. तोच थेंब जरा पूर्वेला पडला तर हिरण्यकेशीत जातो. ही नदी इथेच एका गुहेतून उगम पावते, पुढे आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात शिरते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ असताना पूर्वेच्या समुद्राला जाण्याची ही हौस पाहिली की त्या थेंबाने कोणत्या तरी यात्रा कंपनीत आगाऊ पैसे भरले होते याबद्दल शंका राहत नाही.

आता धबधबा. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्याला अगदी लागून आहे आणि हेच त्याचं मोठेपण. महाराष्ट्रात देखणे धबधबे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यापाशी जायचं म्हणजे चिखल तुडवा, ओढे ओलांडा, वाट चुका. हा धबधबा रस्त्यापर्यंत स्वतः चालत आलेला आहे. गाडीचं दार उघडलं की पाय पाण्यात. आणखी जवळ जायचं तर पायऱ्या बांधलेल्या आहेत. पंचाहत्तरीच्या आजीपासून नव्या जावयापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी भिजता येईल असा हा सोयीचा जलप्रपात आहे, आणि रविवारी ते सगळे एकाच वेळी येतात.

या गर्दीत तीन जाती असतात. पहिली, भिजायला आलेल्यांची. कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या गाड्यांतून उतरलेली ही तरुण मंडळी शर्ट काढून डोक्यावर गरागरा फिरवतात. शर्ट वाळवण्याचा हा प्रकार असेल तर जागा चुकली आहे. गाडीच्या डिकीतून गाणं चालू असतं, त्याच्या ठोक्याने शेजारच्या गाडीची काच थरथरते, आणि ज्या आवाजासाठी धबधब्याला जायचं तो धबधब्याचा आवाज ऐकायला अर्धा किलोमीटर लांब जावं लागतं. त्यांच्यातल्या काहींनी घरूनच आतून भिजायला सुरुवात केलेली असते. त्यांच्यासाठी पोलिसांचा बंदोबस्त असतो.

दुसरी जात न भिजायला आलेल्यांची. प्रत्येक कुटुंबात असा एक तरी असतो. बहुधा थोरले काका. सगळ्यांचे मोबाइल, पाकिटं, घड्याळं, चष्मे आणि एकाची कवळी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ते रस्त्याच्या कडेला छत्रीखाली उभे राहतात. "मला सर्दीचा त्रास आहे, तुम्ही मजा करा." हातात नऊ मोबाइल असल्यामुळे ते हलू शकत नाहीत, जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं पाणी अंगावर घेतात, आणि तासाभराने मंडळी परत येते तेव्हा सगळ्यात जास्त भिजलेले तेच असतात. धबधब्याखालचे निदान हौसेने भिजलेले असतात.

तिसरी जात खायला आलेल्यांची. यांच्या लेखी धबधबा म्हणजे कांदाभजीच्या मागे काहीतरी पांढरं हलत असावं म्हणून केलेली सोय. भजी, मॅगी, लिंबू-तिखट चोळलेलं भाजकं कणीस, पुन्हा भजी. चहा मात्र इथला बरकतीचा. कटिंग सांगितलेला चहा पिता पिता फुल होतो, कारण आपण जेवढा पितो तेवढा वरून भरला जातो. शेवटच्या घोटाला चहाची नुसती आठवण असते, पण पेला काठोकाठ.

या सगळ्या व्यवहारावर कठड्यावरची माकडं देखरेख करतात. कोणाच्या हातात कणीस घट्ट आहे, कोण सेल्फी घेताना दुसरा हात सैल सोडतो, कोणाच्या पिशवीतून बिस्किटांच्या कागदाचा आवाज आला, याची त्यांना माणसांपेक्षा पक्की माहिती असते. गंमत म्हणजे रविवारी आंबोलीचं वन्यजीवन बघून समाधानाने परतणाऱ्या बहुसंख्य लोकांनी पाहिलेलं वन्यजीवन हेच.

कावळेसादची तऱ्हा वेगळी. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून सुटलेलं पाणी खाली जायचं सोडून उलटं वर उडतं आणि बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. हा चमत्कार पाहिल्यावर माणसाला पहिली इच्छा काय होते? काहीतरी टाकून बघायची. कोणी पाणी ओतून बघतं, कोणी टोपी टाकून बघतं, कोणी रिकामी बाटली. हलक्या वस्तू खरोखरच परत येतात. देशात इतके पर्यटक इतका कचरा टाकतात, पण टाकणाऱ्याच्या तोंडावर तो फेकून मारण्याची व्यवस्था फार थोड्या दऱ्यांनी केली आहे. असे वारे प्रत्येक स्थळी सुटायला हवे होते. बेळगावच्या बाजूला नांगरतासचा धबधबा अरुंद घळीत कोसळतो. तिथे टाकलेलं परत येत नाही, त्यामुळे तिथला कठडा नुसतं बघण्यासाठी आहे, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता वन्यजीवांकडे वळू. आंबोलीत उतरलेला प्रत्येक पाहुणा वाटाड्याला पहिला प्रश्न विचारतो, "वाघ आहे का?"

तसा आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात वाघाचा वावर कॅमेऱ्यांनी टिपलेला आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे, गव्यांचे कळप तर रस्त्यावरच भेटतात. पण आमच्यातल्या एका साहेबांनी विचारलं तो वाटाड्या पोरगा अनुभवी होता. तो म्हणाला, "साहेब, वाघ आहे हो. पण या धुक्यात परत आल्यावर तुमची गाडी दिसली तरी खूप झालं."

साहेब हिरमुसले. "मग बघण्यासारखं काय आहे?"

"बेडूक."

साहेबांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा जो भाव आला तो मी आजवर फक्त रेल्वेच्या चहानंतर पाहिला होता. चारशे किलोमीटर गाडी हाणून बेडूक? बेडूक आमच्या सोसायटीच्या गटारातही आहेत!

इथेच आंबोलीची खरी गोम आहे. जगात दुसरीकडे नाही असं जे आंबोलीत आहे ते सगळं लहान आहे, आणि जे मोठं आहे ते धुक्यात आहे. इथले खरे मानकरी रात्री आठनंतर बाहेर पडतात आणि त्यातल्या बहुतेकांची उंची दोन-तीन बोटांच्या आत असते. त्यांना भेटायचं तर टॉर्च घ्यायचा, कमरेत वाकायचं, आणि 'व्हॅली व्ह्यू' विसरून पायाखालच्या दगडाकडे बघायचं.

त्यांतला पहिला मान आंबोली टोड या पिवळसर, अंगावर पट्टे असलेल्या छोट्या भेकाचा. ओल्या कातळावर, टिचभर पाण्याच्या डबक्यांत त्याचा संसार. या जातीचा पत्ता जगात आंबोली आणि तिच्या आसपासचा मुलूख एवढाच. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि त्याच वर्षी इथल्या एका झुडपी बेडकालाही शास्त्रीय नावात आंबोली हे नाव मिळालं. एकाच गावातल्या दोघांचे दाखले एकाच वर्षी निघणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. मात्र टोडचं नाव दप्तरी लागलं ते थेट अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेलं. आपल्याकडे ओळख पटण्याची आणि मदतीची गरज लागण्याची वेळ नेहमी एकच असते.

त्याहून संकोची प्राणी म्हणजे देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण मुळात बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद. आंबोलीत सापडलेल्या एका जातीचं वर्णन २००३ साली झालं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्या सन्मानार्थ तिला नाव मिळालं. हा प्राणी आयुष्य मातीखाली काढतो. वाटाड्याने त्याची ओळख करून दिली, "गांडूळ नाही हे, याला पाठीचा कणा असतो." पाहुण्यांपैकी एक निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, "कणा असलेले हल्ली वर दिसतच नाहीत. जमिनीखालीच राहणार."

मग मलबार ग्लायडिंग फ्रॉग. हिरवागार, बोटांमधले पडदे तांबूस-केशरी, आणि पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जाणारा. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर याची मादी मागच्या पायांनी घुसळून घुसळून पांढरा फेस काढते आणि त्यात अंडी घालते. पिल्लं तयार झाली की फेसातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. पावसावर सगळा भरवसा. तो आला नाही तर खाली पाणी नाही. हे सगळं ऐकताना एका ताईंचं लक्ष मादीच्या पाठीवर बसलेल्या नराकडे गेलं.

"म्हणजे फेस हिनेच काढायचा?"

"हो ताई."

"आणि हा नुसता पाठीवर बसून राहणार?"

वाटाड्या गप्प राहिला. ताईंचे यजमान एकाएकी धुक्याकडे फार बारकाईने पाहू लागले.

चापडा नावाचा साप तर पर्यटनस्थळाला लाभलेला आदर्श प्राणी. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळसरही असतो, आणि एकदा फांदीवर वेटोळं घालून बसला की भक्ष्याची वाट पाहत एकाच जागी तासन्‌तास बसतो, कधी दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. फोटो येईपर्यंत हलत नाही. कोणी एक वीतभर जवळ बोट नेऊन "हा बघा" म्हणतं तेव्हाही हलत नाही. ही त्याची सभ्यता आहे, तो विषारी आहे, आणि सभ्यतेला मर्यादा असतात, या तिन्ही गोष्टी वाटाड्याला रोज सांगाव्या लागतात.

हिरण्यकेशीच्या उगमापाशी देऊळ आहे, आणि तिथल्या पाण्यात एक बोटभराचा मासा आहे. २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, नदीवरून त्याला हिरण्यकेशी हेच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासेमारीवर बंदी आली. देव, नदी आणि सरकार असं तिहेरी संरक्षण मिळालेला दुसरा मासा जिल्ह्यात नसेल. आणि जिल्हा कोणता? तर सिंधुदुर्ग! ही माहिती एका अस्सल मालवणी गृहस्थांनी माझ्या शेजारी उभं राहून शेवटपर्यंत आदराने ऐकली. बोर्ड पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाले, "ता सगळा ठीक. पण खाऊक कसो लागता, ता खय लिवलेला नाय."

रात्रीच्या या मंडळींच्या मागे माणसांचीही एक जमात हिंडते. कॅमेरावाले. यांची ओळख अशी की छत्री कॅमेऱ्यावर असते आणि स्वतः पावसात असतात. चिखलात पोटावर झोपून, श्वास रोखून, ते अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकाच्या डोळ्यातलं प्रतिबिंब टिपतात. घरी याच माणसाला वाकून पलंगाखालची चप्पल काढता येत नाही. यांच्यातले जाणते प्राण्याला हात लावत नाहीत, फ्लॅशही बेताने मारतात. नवशिके बेडकाला उचलून जास्त हिरव्या पानावर ठेवतात, कारण तो बसला होता ते पान फोटोत खुलत नव्हतं.

पावसाळ्यात इथल्या कुजक्या लाकडावर एक बुरशी वाढते आणि रात्री हिरवट उजेड देते. ती बघायची तर टॉर्च बंद करावा लागतो, आणि डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही टॉर्च बंद केले. काही वेळाने अंधारात फांदीभर उजेड उमटला. सगळे थक्क. तेवढ्यात कोणीतरी मोबाइल काढला, त्याच्या पडद्याच्या प्रकाशात बुरशी दिसेनाशी झाली, आणि आवाज आला, "फोटोत नाही येत हो."

"नाही येत," वाटाड्या म्हणाला.

"मग लोकांना दाखवणार काय?"

यावर वाटाड्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. आपण बघायला जातो असं म्हणतो, पण आपला सगळा जीव दाखवण्यात असतो, आणि आंबोली दाखवण्याच्या बाबतीत फार अडेलतट्टू आहे. दरी पडद्याआड, सूर्य गैरहजर, वाघ आहे पण भेटणार नाही, बुरशी दिसते पण फोटोत येत नाही. ज्याला रिकाम्या हाताने परतण्याची लाज वाटत नाही त्यालाच ती पुरेपूर मिळते. पहाटे शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी लांबलचक शीळ घालतो, माणसासारखी, अर्धवट येणाऱ्या गाण्याची. लॉजवर एका पाहुण्याने सकाळी तक्रार केली की पाचपासून कोणतं पोर शिट्ट्या मारतंय. मालकाने त्या पोराला समज देण्याचं कबूल केलं.

एका गोष्टीत मात्र थट्टा नाही. पावसाळी रात्री हे भेक आणि बेडूक रस्ता ओलांडतात, ओला डांबरी रस्ता त्यांना कातळासारखाच वाटतो, आणि निसर्ग बघायला भरधाव निघालेल्या गाड्यांखाली ते चिरडले जातात. जगात इतरत्र कुठेही नसलेला जीव चाकाखाली गेला तरी गाडीत साधा हादराही बसत नाही. मोठा प्राणी आला तर गाडी आपण थांबवतो, कारण नुकसान आपलं असतं.

म्हणून एका संध्याकाळी जे घडलं त्याची नोंद करायला हवी. दिवेलागणीला जवळच्या चौकुळ गावाच्या रस्त्यावर पुढची गाडी अचानक थांबली. मागे आमची. आमच्या मागे कोल्हापूरची, मग गोव्याची, मग आणखी. हॉर्न सुरू झाले. कोल्हापूरवाले गाडीतून उतरून पुढे गेले. "काय झालंय ओ? गवा हाय काय?"

"नाही," पुढच्या गाडीची बाई म्हणाली, "बेडूक आहे. रस्त्यात बसलाय."

"आँ? एवढ्यासाठी?"

"जगात फक्त इथेच आहे म्हणे. कालच वाटाड्याने सांगितलं."

'जगात फक्त इथेच' हे शब्द कानावर पडल्यावर मराठी माणूस जागचा हलत नाही. कोल्हापूरवाले उकिडवे बसले. त्यांना बसलेलं पाहून गोव्याचे आले. एकजण टॉर्च धरायला लागला, दुसऱ्याने त्याला "डोळ्यात नको मारू रे त्याच्या" म्हणून दटावलं, तिसऱ्याने मागे जाऊन हातवारे करत वाहतूक आपल्या अंगावर घेतली. भेक अजिबात घाईत नव्हता. दोन उड्या मारायचा आणि विचार करत बसायचा. त्याने जायचं कुठल्या बाजूला यावर दोन मतं पडली. एका गृहस्थांनी त्याला पूर्वेकडे वळवून द्यावं अशी सूचना केली, ती बहुमताने फेटाळली गेली. तेवढ्या वेळात एका डिकीतून थर्मास निघाला, दुसरीतून चिवडा, कागदी पेले फिरले, कोणाचं गाव कोणतं ते निघालं, आणि दोन कुटुंबांचं लांबचं नातंही जुळलं.

एवढ्यात मागून एक स्थानिक म्हातारे घोंगडं पांघरून, गुरं हाकत आले. त्यांनी ती रांग पाहिली, पेले पाहिले, मधला भेक पाहिला.

"काय बघतास?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एका सुरात त्यांना सांगितलं की हा जगात फक्त इथेच आहे.

म्हातारे जरा थांबले. "आमीपण," ते म्हणाले, आणि गुरं बाजूने काढून पुढे गेले.